सेनापती काल्वेंटियसची प्रेतयात्रा

"तिरडी खाली ठेवा," व्होकोनियस म्हणाला.

खांदेकऱ्यांनी रुबेलियाबाईंकडे पाहिलं. बाईंनी डोक्यावरचा काळा पदर मागे सारला.

"ज्यांच्या हाताखाली भाला धरायला शिकलास, त्यांची तिरडी रस्त्यावर ठेवायला लावतोस?"

"बाईसाहेब, कॉन्सलचा हुकूम आहे. तपासल्याशिवाय या कपेना दरवाजातून मुंगीसुद्धा बाहेर जायची नाही."

मुंगी कोण, ते सगळ्या रोमला ठाऊक होतं. काल्वेंटियसने हिस्पानियातले डोंगर जिंकले होते आणि तिथलं सैन्य अजून त्याच्याच शब्दावर उठत-बसत होतं. तो तिकडे पोचला असता तर कॉन्सलची सत्ता संपली असती. म्हणून त्याला घरात कोंडलं होतं आणि व्होकोनियसला बजावलं होतं: तो निसटला, तर त्याच्याऐवजी तुझं डोकं.

आणि आता तो तापाने गेला म्हणे.

व्होकोनियसचा त्या 'म्हणे'वर विश्वास नव्हता. त्याने कापड उचललं. उन्हाळ्यातलं प्रेत. चेहरा सुजून काळानिळा पडलेला, ओळखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. केस मात्र तसेच पिकलेले, बांधा तोच. त्याने मशाल मागवून तळपायाला लावली. कातडी करपली, पाय हलला नाही. वासाने खांदेकरी मागे सरले.

"झालं समाधान?" बाईंनी विचारलं.

"झालं." त्याने कापड स्वतःच नीट केलं. मान वाचल्याचं बरं वाटलं आणि त्याची लाजही.

तेवढ्यात मागून हशा उठला. मेणाचा मुखवटा घातलेला नकल्या पुढे येत होता. मोठ्या माणसाच्या प्रेतयात्रेत त्याचं सोंग कुणीतरी घ्यायचंच. हा तर डावा पाय ओढत, भाल्याच्या जखमेनंतर काल्वेंटियस चालायचा हुबेहूब तसा चालत होता.

"काय जावईबापू!" तो व्होकोनियसवर गरजला. "खायला पुढे, लढायला मागे! आता मेलेल्यांना चटके द्यायची नोकरी धरलीत वाटतं?"

शिपाई खो खो हसले. छावणीत सेनापती कामचुकारांना याच नावाने हाक मारायचा.

"हे कुठून शिकलास रे?" व्होकोनियसने हसतच विचारलं.

"सेनापतीला प्रश्न विचारतोस, गाढवा? शिरस्त्राण सरळ कर आधी!"

व्होकोनियसचा हात आपोआप डोक्याकडे गेला. आता तर शिपाई पोट धरून हसायला लागले.

"पुरे तुझा चहाटळपणा!" बाई कडाडल्या. "तिकडे चिता रचून ठेवलीय."

"मेलो तरी घरात हुकूम हिचाच," नकल्या पुटपुटला आणि लंगडत दरवाजाबाहेर पडला. मागोमाग तिरडी गेली. व्होकोनियसने ताठ उभं राहून तिला सलाम केला.

यात्रा थडग्यांच्या ओळींमागे दिसेनाशी झाली. त्याने कॉन्सलला निरोप धाडला: मेला, स्वतः पाहिलं. मग दरवाजाच्या सावलीत बसून त्याने पाव आणि ऑलिव्ह काढले. कित्येक दिवसांनी घास गोड लागत होता.

ऊन चढल्यावर शहराकडून एक जाडजूड ग्रीक धापा टाकत आला.

"शिपाईदादा, काल्वेंटियससाहेबांची यात्रा यायचीय ना अजून?"

"केव्हाच गेली."

"गेली?" त्याने कपाळावर हात मारला. "असं कसं हो? बाईसाहेबांनी मला दुपारी यायला सांगितलं होतं. साहेबांचं सोंग मी घेणार होतो!"