माहेरची चाल

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात मेहरूण गावात अंगणात पापड वाळत घालताना कुसुमलतानं गाण्याची अर्धी ओळ म्हटली आणि मागच्या गल्लीतून उरलेली अर्धी क्लॅरिनेटवर वाजली. आत जेवायला बसलेल्या तिच्या बापाचा, घेवरचंद शेटांचा, घास हातातच थांबला. त्या गल्लीत बँडवाला सुकदेव राहत होता. "ही चाल कुणाची?" शेटांनी विचारलं. वाढणारी त्यांची बायको चंदनबाई घाईनं म्हणाली, "माझ्या माहेरची. मीच शिकवली लेकीला." "मग पुढचं कडवं म्हण." चंदनबाई डोळे मिटून, सुचतील ते मारवाडी शब्द त्या परक्या चालीत बसवून गाऊ लागली. सासरी तिचा गळा कुणी ऐकला नव्हता. शेटांनी ऐकून घेतलं, ताटातच हात धुतले. "तुझ्या माहेरी क्लॅरिनेट नाही वाजत," ते म्हणाले आणि काठी उचलून मागच्या गल्लीकडे निघाले. चंदनबाई दार अडवून उभी राहिली; गाणं तिनं थांबवलं नाही.