एकशे पंचावन्न

पोलीस भरतीसाठी मुबशिराची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर भरायला हवी होती. अब्बांनी तिला शिलाईच्या दुकानातच अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून उभं केलं, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून खडूनं रेघ मारली आणि गळ्यातली टेप लावली. जन्मभर इंचात मापं घेतली, सेंटीमीटरची बाजू आज पहिल्यांदा वाचली. दीडशेला टेप संपली, वरचं पुन्हा मोजलं. "एकशे त्रेपन्न." दोन वर्षं पळून झिजवलेले बूट मुबशिरानं उचलले आणि मशीनखाली सारले. पँट न्यायला आलेले शेजारचे गणपत सुतार हे बघत होते. त्यांनी खिशातली स्टीलची टेप काढून तीच रेघ मोजली. "एकशे पंचावन्न. वर चार रेघा." अब्बा चिडले. "माझी टेप खोटी व्हय? पंधरा वर्षांत एक कापड आखूड झालं न्हाय." "कसं हुईल? अंग हिनंच मोजतोस, कापड बी हिनंच कापतोस. ताणून ताणून लांबलीया ती. दोन्हीकडं सारखीच चुकती." अब्बांनी दोन्ही टेपा एकमेकींना लावल्या. त्यांची दीडशेची टेप सुतारांच्या टेपवर एकशे बावन्नपर्यंत पोचत होती. मग वाकून त्यांनी मशीनखालचे बूट काढले, मुलीच्या पायाशी ठेवले आणि जुनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली. "गिऱ्हाइकांना हीच चालंल. माझ्या पोरीला पुरत न्हाय."