कोरड्या जमिनीची पाहणी

हायकोर्टाने पाहणीसाठी नेमलेल्या वकील वेदवतीबाई त्या खोलगट जमिनीत उतरल्या, तेव्हा ऊन ऐन डोक्यावर होतं. पायाखालची माती भेगाळलेली होती. फत्तेसिंगरावांनी एक ढेकूळ उचललं आणि त्यांच्यासमोर मुठीत चुरडलं. भुकटी वाऱ्यावर उडून गेली.

हुणसूर रस्त्यालगतच्या या दोन एकरांत फत्तेसिंगरावांना शिलाईचा कारखाना काढायचा होता. ऐंशी बायकांना काम मिळालं असतं. पण जुन्या नकाशात इथे केरे, म्हणजे तळं दाखवलं होतं, म्हणून नियोजन खात्याने परवानगी नाकारली. त्या नकाराविरुद्ध ते कोर्टात गेले होते. बावीस वर्षांत इथे घोटभर पाणी कुणी पाहिलेलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

कामासाठी नावं दिलेल्या तीसेक बायका समोरच्या काठावर उभ्या होत्या. मशिनं कुठे बसतील ते बघून जा, म्हणून फत्तेसिंगरावांनी त्यांना खाली बोलावलं. एकही उतरली नाही. फत्तेसिंगरावांच्या नात्यातल्या गिरिजाबाईंनी तर दोन्ही सुनांची नावं दिली होती. त्यासुद्धा जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात एका बाजूने पाच म्हशी आल्या. मागे गुराखी नव्हता. सावकाश उतरून त्या मधोमध जाऊन बसल्या. मग एकेकीने मान ताणून नाकपुड्या वर केल्या आणि डोळे मिटले. माशा त्यांच्या तोंडाभोवती तेवढ्या घोंगावत होत्या. पाठीवर एकही बसत नव्हती.

वेदवतीबाईंचं पेन थांबलं. खात्याचे मोजणीदार नरसिंहमूर्ती फीत गुंडाळू लागले. अजून एक बाजू मोजायची राहिली होती.

"मॅडम, दिसतं तेवढंच लिहा," फत्तेसिंगराव म्हणाले.

"जमीन कोरडी आहे. तेच लिहितेय."

त्यांनी लिहिलं, माती भेगाळलेली, ओलावा नाही, पाण्याची खूण नाही. म्हशींबद्दल काही लिहिलं नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या. कार्बनची प्रत फत्तेसिंगरावांच्या हातात देऊन त्या नरसिंहमूर्तींबरोबर घाईघाईने वर चढल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

फत्तेसिंगरावांनी कागद दोनदा वाचला. तीन वर्षं खेटे घालून हातात आला होता. आता केस आपलीच, असं त्यांना वाटलं. ही गोष्ट बायकांना कधी सांगतो असं होऊन ते सरळ समोरच्या काठाकडे निघाले.

बायकांमध्ये चुळबूळ झाली. गिरिजाबाई पुढे आल्या.

"मधून नको रे, मगा, लेकरा. बेडा, नको. काठाकाठाने ये."

"कोरडं आहे, अक्का," ते म्हणाले, आणि चालत राहिले.

पुढच्या दहा-बारा पावलांनंतर त्यांची चाल मंदावली. एकेक पाय ते ओढून काढल्यासारखा उचलू लागले. धोतराचा सोगा त्यांनी कमरेला खोचला. जीपमधून वेदवतीबाई बघत होत्या. कुणी हसलं नाही. गिरिजाबाई काठावर गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

फत्तेसिंगरावांना तो हात धरता आला नाही. कागद त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरला होता.