दीड महिन्याचं काम

विटांच्या बंद भट्टीमागे कोणीतरी बांधून सोडलेला, हाडांचा सापळा झालेला तो घोडा मी घरी आणला, तेव्हा शेजारचा शिंपी म्हणाला, "काका, उरलेला घोडा कधी येणार?" माझं लक्ष मात्र घोड्याच्या पायांकडे होतं, कारण मी चाळीस वर्षं नालबंदाचं काम केलं. घोड्याचे नाल दर दीड महिन्याला काढून खूर कापावे लागतात. याचे खूर वाढून पुढून वर वळले होते आणि तो धड उभाही राहत नव्हता.

बायकोने त्याला दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं चारलं. महिन्याभराने तो पायाला हात लावू द्यायला लागला. मग एका सकाळी मी त्याचा पुढचा पाय मांडीवर घेतला आणि गंजलेला नाल पकडीने उपटला.

"दोन वर्षं तरी या पायाकडे कोणी बघितलेलं नाही," बादली घेऊन शेजारीच उभी असलेली बायको म्हणाली. "खरं ना हो?"

"हो."

"मालकाचं जाऊ द्या. पण ज्याने नाल ठोकले, त्यालाही कधी वाटलं नसेल, बघून यावं म्हणून?"

मी नाल फडक्याने पुसला. खिळ्याचं शेवटचं भोक जरा आत पाडायची सवय आमच्या धंद्यात फक्त मला होती, आणि या नालाचं शेवटचं भोक आत होतं.


"बोलावणं आलं नसेल त्याला," मी म्हणालो आणि दुसरा पाय उचलला.