रॅडकी हलणार नाही

कर्टिस आत आला तेव्हा ऑगी रॅडकी बिअरचे ग्लास भरत होता. शुक्रवारची दुपार होती. शुक्रवारी मिलवॉकीत घरी कोण जेवतो! रॅडकीच्या गुत्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रत्येक टेबलावर तळलेला मासा आणि बटाट्याची धिरडी होती.

"मिस्टर रॅडकी," कर्टिस दारातूनच म्हणाला, "कंपनीनं तुमच्या जागेचा आकडा आणखी वाढवलाय. तुम्हाला वेळ असेल तर बसून बोलू."

"उभ्यानंच ऐक. नाही."

गुत्ता खदखदून हसला. कुणी टेबल बडवलं, कुणी शिट्टी मारली. कर्टिसने मान खाली घातली आणि कोपऱ्यात बसून आपलंही ताट मागवलं. तिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. दर शुक्रवारी भर गर्दीत यायचा, पाणउतारा करून घ्यायचा, वर मासा खाऊन जायचा. निर्लज्जं सदासुखी म्हणतात ते काही खोटं नाही.

गुत्त्याच्या तिन्ही बाजूंनी कंपनीचा नवा टॉवर उभा होता, नुसत्या कचेऱ्यांचा. शेजारचा न्हावी, चांभार, छापखाना सगळे केव्हाच पैसे घेऊन गेले. ऑगीचं दुमजली विटांचं घर तेवढं राहिलं, घशात काटा राहावा तसं. वर तो राहायचा. झोपायच्या खोलीची खिडकी उघडली की हाताला काँक्रीट लागायचं. ऊन कसलं ते घरात येत नव्हतं. भर दुपारीही दिवे लावावे लागत.

शहराला मात्र त्याचा केवढा अभिमान! "रॅडकी हलणार नाही" असं छापलेले सदरे घालून पोरं हिंडायची. टीव्हीवाले येऊन गेले. टॉवरमधल्या जागा बघायला येणारे साहेबलोकसुद्धा आधी इथे मासा खात, ऑगीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत. दुसऱ्याच्या शौर्याचं लोकांना फार कौतुक. त्यात आपल्या पदरचं काही जात नाही.

ऑगीची बायको व्हर्ना मात्र शहर सोडून गेली होती. बांधकामाच्या धुळीनं तिची छाती धरली. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली, म्हणून ती दूर वाळवंटातल्या टूसॉनला एका लहानशा घरात राहत होती. एकटीच.

बुधवारी तिचा फोन आला तेव्हा गुत्त्यात फक्त डॉट होती. डॉट जन्मभर शहरात बस चालवून निवृत्त झालेली. तिचा ग्लास आणि तिची खुर्ची ठरलेली.

ऑगीने फोन ठेवला आणि बराच वेळ तोच काउंटर पुसत राहिला.

"काय म्हणते?" डॉटने विचारलं.

"सोमवारी ऑपरेशन आहे. छाती उघडणार. मला ये म्हणाली."

"मग जा की, गाढवा. कुलूप लाव नि जा."

"जाता येत नाही, डॉट."

"हो रे, तेही खरंच. तू पाठ फिरवलीस की ते मेले यंत्रं घालतील." तिने ग्लास पुढे केला. "मी बसते इथे. दारात आडवी झोपते. बस चालवलीय मी पस्तीस वर्षं, बुलडोझरला काय घाबरते?"

ऑगी हसला, पण डोळे भरून आले. व्हर्नाने आजवर कधी ये म्हटलं नव्हतं. फोनवर तिला दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. आपण इथे बिअर ओततोय आणि ती तिथे परक्या माणसांच्या हाती जाणार. त्या दिवशी त्याने मनाशी काहीतरी ठरवलं. डॉटलाही सांगितलं नाही.

शुक्रवार उजाडला. कर्टिस वेळेवर आला. टॉवर बघायला आलेली सहा-सात साहेबमंडळीही त्याच्या मागोमाग येऊन बसली.

"मिस्टर रॅडकी, आता तरी विचार करा. याहून जास्त तुम्हाला कुणी देणार नाही."

ऑगीने हातातला ग्लास खाली ठेवला.

"दिलं," तो मोठ्यानं म्हणाला. "घेऊन टाक. हे सगळे साक्षीदार आहेत. मला बायकोकडे जायचंय."

कुणी हसलं नाही. मागच्या टेबलावर तो छापील सदरा घातलेला एक पोरगा उभाच राहिला. डॉटच्या चेहऱ्याकडे ऑगीला बघवेना.

कर्टिसचा रंग उडाला. मग तो एकदम हसायला लागला. "थट्टा करताहेत! आमची फिरकी घ्यायची सवयच आहे यांना." असं म्हणत त्याने ऑगीचा दंड धरला आणि त्याला मागच्या स्वयंपाकघरात नेलं.

"हो म्हणू नकोस रे ऑगी!" मागून डॉट ओरडली. लोकांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. "रॅडकी! रॅडकी!"

कर्टिसने दार लावून घेतलं.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मला जाऊ द्या, साहेब," ऑगी म्हणाला. "चारच दिवस. हात जोडतो तुमच्यापुढे."

"टॉवरचे सहा मजले अजून रिकामे आहेत. भाडेकरू बाहेर बसलेत, तुला बघायला आलेत. बाहेर जा आणि मला हाकलून दे. कॉलर धरलीस तरी चालेल."

"मी विकलं म्हणालोय. सगळ्यांनी ऐकलंय."

"विकायला तुझं आहे काय इथे?" कर्टिस हलक्या आवाजात म्हणाला. "दुकान तू पाया खणायच्या आधीच आम्हाला विकलंस, ऑगी. आता पगार घेतोस तो नाही म्हणायचा."