शेषप्पा मास्तरांचे तुळू शब्द

उडुपीच्या शेषप्पा मास्तरांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं गावोगाव फिरून तुळू शब्द गोळा केले आणि जुन्या संगणकात भरले. दुरुस्तीला आलेल्या वनजानं तो तपासून मान हलवली. "अज्जा, फुकट फॉन्ट मिळतो म्हणून तुम्ही काहीतरी उतरवून घेतलंत ना? ते घरभेदी निघालं. स्वतः काही चोरत नाही, पण मागचं दार उघडून चोरांना बोलावतं. शेवटी आलेल्यानं सगळ्या फायली नासवल्या." "काहीच उरलं नाही?" "नाही. पुसून टाकू?" मास्तर पडद्याकडे बघत राहिले. ज्या म्हाताऱ्या बायकांनी शब्द दिले, त्यांतल्या कितीतरी आता हयात नव्हत्या. "पूस बाई," ते म्हणाले, "दमलो मी." पडदा कोरा झाला. वनजा पिशवी आवरून उंबऱ्यापर्यंत गेली, तेव्हा मागून थकलेला आवाज आला. "लावणीच्या रोपांच्या जुडीला तुझी अज्जी काय म्हणायची ग? बस जरा, आठवून सांग."