पोर्ट म्हणजे डावं

वीरेंद्रनं हौसेनं लहानशी मोटरबोट घेतली आणि शालूच्या डोक्याला ताप झाला. ती पोरीला घास भरवत असली तरी त्याची उजळणी सुरूच.

"पोर्ट म्हणजे?"

"डावं."

"आन् स्टारबोर्ड?"

"उजवं! अजी, बोट तुमची, मंग मलेच काहून शिकवून राहिले?"

आज बोट सानगडीच्या तलावात उतरली. त्यानं पोरीला लाइफ जॅकेट घातलं, शालूला घातलं, काठाशीच इंजिन सुरू केलं आणि सुकाणू तिच्याच हाती दिलं. ती वैतागली, "तुमी चालवा ना!"

"जॅकेट दोनच भेटले, आन् मले पोहता येत नाही. मी पडलो तं पोरीले घेऊन काठावर जाता आलं पाहिजे तुले."

शालूनं इंजिन बंद केलं.

"उतरा खाली. तिसरं जॅकेट आणल्याबिगर ही बोट हालत नाही."